नोकरीचा कागद नीट वाचा

१. काम शोधण्याची नवी वाट

पूर्वी काम शोधायचे म्हणजे माणूस घराबाहेर पडे. कोणी शिरोलीला कारखान्याच्या गेटवर उभा राही. कोणी उद्यमनगरात फौंड्रीच्या दारोदार विचारत फिरे. कोणी इचलकरंजीला मागाच्या शेडमध्ये जाई आणि म्हणे, "मालक, माणूस पाहिजे काय?" काम मिळे किंवा न मिळे. पण मालक समोर दिसे. कारखान्याची पाटी दिसे. आपण कोणाशी बोललो ते कळे.

आता काम शोधायला मोबाईल आला आहे. पोरगा अंगणात बसतो आणि फोनवर पुण्याच्या, मुंबईच्या, दुबईच्या नोकऱ्या बघतो. त्यांतल्या काही खऱ्या असतात. एसटीचे भाडे वाचते, खेटे वाचतात. ही सोय चांगली आहे. आम्ही तिला नावे ठेवत नाही.

पण एक गोष्ट बदलली. फोनवर मालक दिसत नाही. पाटी दिसत नाही. दिसतात ती फक्त अक्षरे. आणि अक्षरे कोणीही लिहू शकतो. चोरही लिहू शकतो.

म्हणून या पाठात आपण नोकरीचा कागद वाचायला शिकणार आहोत. आपल्याला अक्षरे वाचता येऊ लागली आहेत. आता अक्षरांमागचा माणूस वाचायचा आहे.

२. एका घरची गोष्ट

ही गोष्ट कोण्या एका घराची म्हणून सांगत नाही. अशा प्रकाराने पुष्कळ घरे फसतात. म्हणून आम्ही तिच्यात माणसांची नावे घातली नाहीत.

समजा, कागल तालुक्यातले एक गाव आहे. घरात आबा, आई आणि बारावी झालेला मुलगा. दीड एकर ऊस. दावणीला एक म्हैस. तिचे दूध डेअरीला जाते. त्यावर घरचा बाजार चालतो.

एक दिवस मुलगा धावत आला. म्हणाला, "आबा, माझं काम झालं! मोटारीचे भाग करणाऱ्या कंपनीत. महिना अडतीस हजार!"

आईने हात जोडले. आबांनी विचारले, "मुलाखत कवा झाली?"

"मुलाखत न्हाई लागत. फोनवरच झालं समदं. साहेब लई चांगला बोलतोय. फक्त नोंदणीचं साडेबाराशे भरायचं हाईत. पहिल्या पगारात परत देणार."

साडेबाराशे भरले. दुसऱ्या दिवशी साहेबाचा पुन्हा फोन आला. गणवेशाचे आणि ओळखपत्राचे ४,८०० रुपये पाहिजेत. मुलाने मित्राकडून उसने घेतले आणि संध्याकाळी भरले. तिसऱ्या दिवशी राहण्याच्या खोलीची अनामत म्हणून १२,५०० रुपये मागितले. आता उसने कोण देणार? मुलगा रात्री हळूच म्हणाला, "आबा, म्हैस इकूया. दोन महिन्यांत दुसरी घेतो की."

आईच्या डोळ्यांना पाणी आले. आबा काही बोलले नाहीत. सहा महिन्यांपासून ते रात्रीच्या वर्गाला येत होते. ते म्हणाले, "तो कागद दाव बघू. मलाच वाचू दे."

मुलाने फोन पुढे केला. आबा एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागले. वाचायला वेळ लागला. शेवटच्या ओळीवर बोट थांबले. तिथे लिहिले होते, 'याबाबत कोणाशीही बोलू नये.'

आबा म्हणाले, "लेका, लगीन ठरवताना आपण चार पाहुणे बोलवतो. जमीन घेताना पंच बसवतो. मग नोकरीच तेवढी कुणाला न सांगता कशी मिळती?"

मुलाला उत्तर देता आले नाही.

सकाळी बापलेक भाकरी बांधून एसटीत बसले. गोकुळ शिरगावला उतरले. कागदावर ज्या कारखान्याचे नाव होते, तो कारखाना खरा होता. गेटवर पहारेकरी होता. आबांनी त्याला फोन दाखवला. तो म्हणाला, "आबा, या महिन्यात असला कागद घेऊन आलेली तुम्ही चौथी माणसं. आमच्याकडं भरतीला कोण पैसा घेत न्हाई. तो नंबर आमचा न्हाई."

मुलगा मान खाली घालून उभा राहिला. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "चल. म्हैस अजून दावणीला हाय. गेलं ते साडेसहा हजाराच्या आतच गेलं."

पहारेकऱ्याने त्यांना एक नंबर सांगितला. तिथूनच त्यांनी १९३० ला फोन लावला. ४,८०० रुपये परवा संध्याकाळीच गेले होते. त्यांतली काही रक्कम बँकेने वाटेतच अडवली. पहिले साडेबाराशे मात्र गेले ते गेलेच.

हा १९३० नंबर काय आहे, ते पुढे येईल. आधी तो कागद वाचू.

३. आता तो कागद आपण वाचू

मुलाला आलेला कागद असा होता:

'अभिनंदन! आपली निवड झाली आहे. पद पर्यवेक्षक. पगार दरमहा ३८,००० रुपये. अनुभवाची गरज नाही. मुलाखत नाही. राहणे-जेवण मोफत. नोंदणी फी १,२५० रुपये आज सायंकाळी ५ पर्यंत भरावी. जागा थोड्या आहेत. रक्कम पहिल्या पगारात परत मिळेल. याबाबत कोणाशीही बोलू नये.'

आता एकेक ओळ घेऊ.

'आपली निवड झाली आहे.' कोणी निवडले? कशावरून निवडले? बैल घेतानासुद्धा आपण त्याचे दात बघतो, चाल बघतो, औताला जुंपून बघतो. मग ज्याने आपल्याला कधी पाहिले नाही, काही विचारले नाही, तो अडतीस हजार द्यायला कसा तयार होतो?

'पगार ३८,००० रुपये. अनुभवाची गरज नाही.' आपल्या गावचे कोणी ना कोणी शिरोलीला, कागलच्या पंचतारांकित वसाहतीत किंवा गोकुळ शिरगावला कामाला असतेच. त्याला विचारा, "नव्या पोराला काय पगार मिळतो?" तो जो आकडा सांगेल त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा कागदावर असेल, तर तो पगार नव्हे. ते गळाला लावलेले आमिष आहे.

'नोंदणी फी भरावी.' ही ओळ सर्वांत महत्त्वाची. आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादम टोळीला आधी काय देतो? उचल देतो. त्या उचलीत मजुराचे हाल होतात, ती गोष्ट वेगळी. पण पैसा कोणाकडून कोणाकडे जातो ते बघा. काम देणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे जातो. मजुराने मुकादमाला उचल दिली, असे कोणी ऐकले आहे काय? इथे तर उलटी गंगा वाहते आहे. घाम आपण गाळायचा आणि पैसेही आपणच द्यायचे!

फीचे नाव काहीही असू शकते. नोंदणी, गणवेश, ओळखपत्र, प्रशिक्षण, विमा, अनामत, लॅपटॉप. नाव बदलले तरी हात तोच. तो आपल्या खिशात असतो.

'आज सायंकाळी ५ पर्यंत.' चोराला घाई असते. आपण विचार करू नये, कोणाला विचारू नये, म्हणून तो घड्याळ दाखवतो. खरी नोकरी एका रात्रीत पळून जात नाही.

'रक्कम परत मिळेल.' परतच द्यायची असेल तर घेता कशाला? हा एक प्रश्न विचारून बघा. चोर चिडतो. म्हणतो, "तुम्हाला नोकरी नको असेल तर दुसरे उमेदवार आहेत."

'कोणाशीही बोलू नये.' ही ओळ आबांनी ओळखली. उजेडात चालणाऱ्या कामाला असे सांगावे लागत नाही.

कागदाच्या वर कंपनीचे चिन्ह छापलेले असते. खाली गोल शिक्का असतो. सही असते. त्याला भुलू नका. फोनवर दुसऱ्याचे चिन्ह उतरवून घेणे पोराच्या हातचा खेळ आहे. मोठ्या कंपनीचे नाव खरे असते. कागद खोटा असतो. म्हणून 'अशी कंपनी आहे काय?' एवढेच विचारून भागत नाही. 'हा कागद त्या कंपनीने दिला काय?' हे विचारायचे.

४. एकाच चोराची चार सोंगे

बहुरूपी आज पोलीस होतो, उद्या वैदू होतो. तसे हे चोरही सोंगे बदलतात. चार सोंगे ओळखून ठेवू.

पहिले सोंग सरकारी नोकरीचे. "माझी वर ओळख आहे. रेल्वेत चिकटवतो, सैन्यात घुसवतो," असे सांगणारा माणूस. आपला जिल्हा सैनिकांचा. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे. इथल्या पोरांना वर्दीची ओढ आहे, हे दलालांना ठाऊक असते.

हे सोंग किती पुढे जाते ते पाहा. २०२२ साली तामिळनाडूतल्या किमान २८ जणांना रेल्वेत नोकरी देतो म्हणून सांगितले. त्यांच्याकडून मिळून २ कोटी ६७ लाख रुपये घेतले. म्हणजे सरासरी प्रत्येकी साडेनऊ लाख! मग 'प्रशिक्षण' म्हणून त्यांना नवी दिल्लीच्या स्टेशनवर उभे केले. काम काय? येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजायच्या, डबे मोजायचे. रोज आठ तास. सुमारे महिनाभर ती पोरे डबे मोजत राहिली. आपण नोकरीला लागलो असेच त्यांना वाटत होते. नेमणुकीचे कागद खोटे निघाले, तेव्हा सारे उघडकीला आले. ती पोरे अडाणी नव्हती. शिकलेली होती. गरज आणि आशा माणसाला आंधळे करते.

दुसरे सोंग घरबसल्या कामाचे. हे बायाबापड्यांना आणि कॉलेजच्या पोरांना धरते. निरोप येतो, 'फोनवर चित्रफीत बघा, पसंतीची खूण करा, प्रत्येक खुणेला ५० रुपये.' आपण तीन खुणा करतो. खरेच १५० रुपये खात्यावर येतात. विश्वास बसतो. मग म्हणतात, 'आता मोठे काम. आधी १,००० भरा, १,३०० मिळतील.' तेही मिळतात. मग ५,००० भरा, २०,००० भरा. फोनवर आपल्या नावावर मोठी रक्कम जमलेली दिसते. ती काढायला गेलो की म्हणतात, 'आधी कर भरा.' ते दीडशे रुपये म्हणजे जाळ्याखाली टाकलेले ज्वारीचे दाणे. पाखराला दाणे दिसतात, जाळे दिसत नाही. ६ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राच्या गृहखात्याने अशी १०० हून अधिक संकेतस्थळे बंद केली. पण एक बंद झाले की दुसरे उघडते. म्हणून बंदोबस्त आपल्याच डोक्यात हवा.

तिसरे सोंग खात्याच्या भाड्याचे. 'काम काही नाही. तुमच्या बँकखात्यावर पैसे येतील, ते पुढे पाठवा. शेकडा दोन रुपये तुमचे.' हे पैसे कोणाचे असतात? दुसऱ्या फसलेल्या माणसाचे. पोलीस माग काढत आधी आपल्याच दारात येतात, कारण खाते आपल्या नावाचे असते. इथे आपले पैसे जात नाहीत, अब्रू जाते. खाते, पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड कोणालाही वापरायला देऊ नका. पाहुण्यालाही नाही.

चौथे सोंग परदेशचे. हे सर्वांत भयंकर. इथे माणूसच जातो. 'थायलंडमध्ये कॉम्प्युटरचे काम, पगार लाखात, विमानाचे तिकीट फुकट.' पोरगा बँकॉकला उतरतो. तिथून त्याला चोरवाटेने सरहद्दीपलीकडे म्यानमारमध्ये नेतात. कोणाला लाओसला, कंबोडियाला नेतात. पासपोर्ट काढून घेतात. कुंपणाच्या आत कोंडतात. तिथे बसून फोनवरून दुसऱ्यांना लुबाडायचे, हेच काम. केले नाही तर मारहाण. आपल्या परराष्ट्र खात्याने सप्टेंबर २०२२ मध्येच याबद्दल लोकांना सावध केले होते. मार्च २०२४ मध्ये लाओसला माणसे पाठवणाऱ्यांना मुंबई पोलिसांनी पकडले. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने थायलंडच्या सरहद्दीवरून ५४९ भारतीयांना विमानदलाच्या विमानांनी परत आणले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर पोलिसांनी म्यानमारमधून साठाहून अधिक जणांची सुटका केली.

परदेशी जायचेच असेल तर दोन गोष्टी बघा. पहिली, माणसे पाठवणाऱ्याकडे केंद्र सरकारचा परवाना हवा. १९८३ च्या कायद्याने तो सक्तीचा आहे. परवाना असलेल्यांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर असते. त्याने आपल्याकडून घ्यायचे शुल्कही ठरलेले आहे. जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर. तेही पावती देऊन. दुसरी, व्हिसा कामाचा हवा. 'आता फिरायच्या व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून देतो,' असे कोणी म्हणाले तर घरीच राहा.

५. खरी नोकरी कशी येते?

खऱ्या नोकरीची खूण म्हणजे ती उघड असते. आपल्या कोल्हापूरचाच दाखला घेऊ. राजर्षी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा राखून ठेवल्या. तो हुकूम २६ जुलै १९०२ रोजी करवीरच्या गॅझेटात छापून आला. तो कोणाच्या कानात सांगितला नाही. ज्याला वाचता येईल त्याने वाचावा. याच महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. वाचता आले नाही तर हक्क कागदावरच राहतो, हे त्यांनी ओळखले होते.

आजही सरकारी नोकरीची जाहिरात उघड निघते. तीत पदे किती, शिक्षण काय, वय किती, अर्ज कधीपर्यंत, परीक्षा कशी, हे सारे लिहिलेले असते. एक खुलासा मात्र केला पाहिजे. सरकारी परीक्षेला फी असू शकते. ती खरी असते. मग खरी आणि खोटी फी ओळखायची कशी? खरी फी जाहिरातीतच छापलेली असते. ती सर्वांना माहीत असते. ती खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरायची असते आणि तिची पावती मिळते. ती परीक्षेची फी असते, नोकरीची किंमत नसते. कोणा साहेबाच्या मोबाईल नंबरावर जाते ती फी नव्हे.

संकेतस्थळाचे नाव शेवटून वाचा. बहुतेक सरकारी संकेतस्थळांच्या नावाच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असते. चोर हे शब्द नावाच्या मध्ये घालतात आणि शेवटी दुसरेच काही लिहितात. गाडीचा नंबर बघतो तसे शेवटपर्यंत बघा.

खाजगी कारखान्यात जायचे असेल तर गेटवर जा. तिथल्या टाइम ऑफिसात विचारा. लांबचा कारखाना असेल तर तिथे काम करणारा आपल्या भागातला माणूस शोधा. कागदावरच्याच नंबरावर फोन करून खात्री करू नका. चोराला 'तू चोर आहेस काय?' असे विचारल्यासारखे ते होईल. इंटरनेटवर शोधलेला नंबरही कधी कधी चोरानेच टाकलेला असतो.

नाव नोंदवायला सरकारी सोयी आहेत. राज्य सरकारचे 'महास्वयं' संकेतस्थळ आहे. केंद्र सरकारची 'राष्ट्रीय करिअर सेवा' २०१५ पासून चालू आहे. या दोन्ही ठिकाणी नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. फोनवर जमत नसेल तर कोल्हापुरात जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. नाव लांब आहे. काम सोपे आहे. जाऊन विचारा. पोरगा आयटीआयला असेल तर तिथल्या सरांना विचारा. कारखान्यांना शिकाऊ मुले लागतात, ती पुष्कळदा आयटीआयमधूनच घेतात.

६. पैसे गेले तर काय करावे?

सर्वांत आधी एक गोष्ट सांगतो. लाजू नका. घरात चोरी झाली तर आपण ओरडतो, शेजार गोळा होतो. मग फोनवर चोरी झाली तर गप्प का बसावे? "लोक हसतील" या भीतीनेच चोराचे फावते. आपण गप्प बसलो की तो शेजारच्या घरी जातो. आणि घरच्या मोठ्यांनो, पोराने येऊन सांगितले तर त्याला आधी जवळ घ्या. शिव्या घालाल तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. पैशासाठी काही पोरे घर सोडतात, जिवाचे बरेवाईट करून घेतात. पैसा परत मिळवता येतो. पोर परत मिळत नाही.

आता कामाला लागा.

पहिले काम: लगेच १९३० ला फोन करा. एक, नऊ, तीन, शून्य. हा फोनवरच्या फसवणुकीसाठी सरकारचा नंबर आहे. तो साऱ्या देशात चालतो. 'लगेच' का म्हणतो? चोरलेला पैसा एका खात्यात थांबत नाही. तो दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळतो आणि शेवटी मशीनमधून काढला जातो. तो खात्यात आहे तोवरच बँकेला अडवता येतो. शेताचा बांध फुटला तर पहिल्या तासात बुजवतात. उद्यावर टाकले तर पाणी निघून जाते.

दुसरे काम: आपल्या बँकेलाही कळवा. पैसे कधी गेले, किती गेले, व्यवहाराचा आकडा काय, हे वहीत लिहून काढा.

तिसरे काम: फोनमधले निरोप पुसू नका. रागाच्या भरात पोरे सगळे पुसून टाकतात. तोच तर पुरावा आहे.

चौथे काम: पोलीस ठाण्यात तक्रार लिहून द्या आणि तिचा नंबर घ्या. जिल्ह्याला सायबर पोलीस ठाणे आहे, पण जवळच्या ठाण्यातही तक्रार देता येते. गुन्हा कुठेही घडला असला तरी तो नोंदवून घेतला पाहिजे, असा कायदा आहे. फसवणाऱ्याला आपण 'चारशेवीस' म्हणतो. तो जुन्या कायद्याच्या कलमाचा आकडा होता. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत हे कलम ३१८ आहे. फसवून पैसे काढून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पाचवी गोष्ट सावधगिरीची आहे. काही दिवसांनी एखादा फोन येईल, 'तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, फक्त दोन हजार भरा.' तो चोराचाच भाऊ समजा. सरकार पैसे परत मिळवून द्यायला फी मागत नाही. आणि हेही ध्यानात असू द्या: फोनवर पैसे घेताना पिन घालावा लागत नाही. पिन घातला की पैसे जातात, येत नाहीत.

७. शेवटचे बोलणे

आपल्यातले कोणी म्हणेल, "आम्ही म्हातारी माणसं. नोकरी पोरं शोधत्यात. आमचा काय संबंध?" संबंध आहे. पोरांना फोन भराभर चालवता येतो. पण ती भराभर वाचतात. आपण सावकाश वाचतो, बोट ठेवून वाचतो. गोष्टीतल्या आबांना पोराहून जास्त इंग्रजी येत नव्हते. पण त्यांनी शेवटची ओळ वाचली. म्हणून म्हैस दावणीला राहिली.

पोराला नोकरीचा कागद आला तर त्याला म्हणा, "बाळ, मला मोठ्यानं वाचून दाखव." मोठ्याने वाचताना खोटे आपोआप उघडे पडते.

ध्यानात ठेवा

१. काम देणारा पगार देतो. तो आपल्याकडून पैसे मागत नाही.
२. घाई आणि गुपित या दोन खुणा दिसल्या की थांबा.
३. कंपनी खरी आहे काय एवढेच नको. कागद तिचाच आहे काय, हे गेटवर विचारा.
४. बँकखाते आणि सिमकार्ड भाड्याने देऊ नका.
५. परदेशाला परवान्याशिवाय आणि कामाच्या व्हिसाशिवाय जाऊ नका.
६. पैसे गेले तर लाजू नका. लगेच १९३० लावा.

प्रश्न

१. आबांचे बोट कोणत्या ओळीवर थांबले? का थांबले?
२. ऊसतोडीची उचल आणि नोकरीची 'फी' यांत फरक काय?
३. परीक्षेची खरी फी कशी ओळखाल?
४. हिशेब करा: साहेबाने १,२५०, ४,८०० आणि १२,५०० रुपये मागितले. एकूण किती? मजुरीचा रोज ४०० रुपये धरला तर ही किती दिवसांची मजुरी झाली?
५. आपल्या वहीच्या पहिल्या पानावर १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहा. घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

शब्दांचे अर्थ

आमिष: फसवण्यासाठी दाखवलेला लोभ.
अनामत: परत मिळण्याच्या बोलीने ठेवलेली रक्कम.
पर्यवेक्षक: कामावर देखरेख करणारा.
संकेतस्थळ: इंटरनेटवरचे एखाद्या खात्याचे किंवा कंपनीचे ठिकाण.
व्हिसा: दुसऱ्या देशात जाण्याची त्या देशाने दिलेली परवानगी.
पुरावा: खरे-खोटे सिद्ध करणारी वस्तू किंवा कागद.